गार्डसाहेबांची खजुराची सांबुसकं

धुळ्यात देवपूरला आम्ही घर बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी ह्यांना पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, घरात माणसं किती तेही विचारलं नाही. माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "बाई, दार लावताना आपटता का?"

मी वीस वर्षांची, नवीन लग्न झालेली, आणि माहेरी दार आपटण्याबद्दलच माझं नाव होतं. मी खाली बघितलं. हे म्हणाले, छे छे, तिला तशी सवय नाही. "मग राहा," म्हातारा म्हणाला. कोटातून घड्याळ काढलं, डोळ्यांपासून हातभर लांब धरून बघितलं आणि म्हणाला, "नऊ वाजून चौदा मिनिटं. नऊ चौदापासून तुम्ही भाडेकरू."

हे आमचे गार्डसाहेब. बत्तीस वर्षं रेल्वेत गार्ड होते, बहुतेक सगळी मालगाड्यांवर, शेवटची थोडी पॅसेंजरवर. धुळ्यात सगळे त्यांना गार्डसाहेबच म्हणायचे, मीही तेच म्हणते. माणूस उंच, काटकुळा, आणि खानदेशच्या उन्हाळ्यात, जेव्हा पांझरेच्या पात्रात नुसते दगड तापत पडलेले असायचे, तेव्हासुद्धा अंगात काळा कोट. नोकरी संपली तेव्हा सरकारी बटणं परत द्यावी लागली, म्हणून सोनाराकडून तशीच पितळी बटणं करून घेतलेली. सोनारानं विचारलं, सोन्याचा मुलामा देऊ का? तर गार्डसाहेब त्याच्यावर दोन दिवस रागावले होते म्हणे.

ते बेने इस्राएल. म्हणजे ज्यू, पण बोलायला चालायला आपल्यासारखेच, कोकणातले, मराठीच बोलणारे. देवपुरात त्यांच्यातलं दुसरं घर नव्हतं, त्यामुळे लोकांना त्यांचं नेमकं काय ते कळायचं नाही. शनिवारी चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं गार जेवतात, एवढं शेजारच्या अक्कांनी बघितलं आणि ठरवून टाकलं की म्हातारा मारुतीचा मोठा भक्त आहे. दर शनिवारी त्या गार्डसाहेबांच्या ओट्यावर वाटीभर तेल आणून ठेवायच्या, मारुतीला तुम्ही जाल तेव्हा आमचंही वाहा म्हणून. गार्डसाहेब ते तेल निमूटपणे घेऊन रविवारी मारुतीच्या पुजाऱ्याला नेऊन द्यायचे. मी एकदा म्हटलं, खरं सांगून टाका ना अक्कांना. तर म्हणाले, "पार्सल चुकून आपल्या डब्यात आलं तर फेकायचं नसतं. पत्त्यावर पोचवायचं."

शनिवार ते फार कडक पाळायचे. मी विचारलं, रेल्वेत कसं जमायचं हो तुम्हाला? ते म्हणाले, "बत्तीस वर्षं शनिवारी गाड्या चालवल्या. आता ते सगळे शनिवार वसूल करतोय."

आता दार आपटण्याचं. म्हणजे सांबुसकांचं.

सांबुसक म्हणजे दिसायला आपली करंजी. अर्ध्या चंद्राची, कडेला मुरड, वर तीळ, आत खजूर. पण तळायची नाही, भाजायची. बेने इस्राएल लोकांतही हा प्रकार सगळीकडे नसतो. गार्डसाहेबांच्या सासूबाई मुंबईत भायखळ्याला एका बगदादी ज्यू घरात स्वयंपाकाला होत्या, तिथून त्यांनी ही विद्या उचलली, मग लेकीला दिली, आणि लेक लग्न होऊन गार्डसाहेबांकडे आली ती विद्या घेऊन. होळीच्या सुमाराला त्यांचा एक सण येतो. कोकणात त्यांची आई त्याला होळीचा सणच म्हणायची. त्या दिवशी एकमेकांकडे खाण्याची ताटं पाठवायची. त्या ताटात बाईंची, म्हणजे गार्डसाहेबांच्या बायकोची, सांबुसकं. बाई वारल्या त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. आणि आता गार्डसाहेब स्वतः ती करायला शिकत होते.

शिकत होते म्हणजे कसं, ते सांगते. घरात भट्टी नाही. मग त्यांनी त्यांची नोकरीतली पत्र्याची पेटी घेतली, तीन विटांवर ठेवली, तळाला बोटभर वाळू पसरली, खाली निखारे, झाकणावर निखारे, आणि मध्ये ताटल्या. वरच्या ताटलीला नाव अप, खालच्या ताटलीला डाउन. पीठ भिजवून ठेवलं की अंगणाच्या दारावर लाल झेंडी लागायची. लाल झेंडी असली की घरात कुणी धावायचं नाही, जोरात बोलायचं नाही आणि दार तर अजिबात आपटायचं नाही, कारण फुगलेलं पीठ धक्क्यानं बसतं. पेटीत ताटल्या गेल्या की शिट्टी. अर्ध्या वेळानं अप खाली आणि डाउन वर, तेव्हा परत शिट्टी. मी माजघरात भाकरी थापत असले तरी शिट्टी वाजली की माझा हात थांबायचा. हे शाळेत शिकवायचे, घरी वह्या तपासायला बसायचे. शिट्टी वाजली की ह्यांची लेखणी उचलली जायची. शाळेत नाही एवढी शिस्त आमच्या घरात होती.

आणि एवढं सगळं करून सांबुसकं व्हायची कशी? वाईट. एकदा खाली करपली, वर कच्ची. एकदा खजूर फुटून पेटीच्या तळाला डांबरासारखा चिकटला आणि तो काढायला त्यांनी छिन्नी वापरली. एकदा इतकी कडक झाली की अक्कांच्या नातवानं त्याची विटी केली. प्रत्येक वेळी ते वहीत लिहायचे, अमुक तारीख, पेटी इतक्या वाजता सुटली, इतक्या वाजता पोचली, उशिराचं कारण कोळसा ओला. मग मोडकं एक सांबुसक बशीत घालून मला द्यायचे. स्वतः चाखायचे नाहीत. बाईंची चव तोंडात आहे, ती बिघडेल म्हणायचे.

अक्कांना तर हा प्रकार सहनच व्हायचा नाही. पदर खोचून त्या अंगणात यायच्या आणि पेटीकडे बघून म्हणायच्या, "गार्ड भाऊ, करंजी तळतस, भाजतस नही. तेल नही का घरमा? मी देसू."

"तेल तुमचं येतंच की अक्का घरात, दर शनिवारी," गार्डसाहेब म्हणायचे, आणि अक्कांना वाटायचं गंमत करतात.

एकदा त्यांनी अक्कांनाही एक दिलं. अक्कांनी ते उलटंपालटं करून बघितलं, तीळ खरवडले, एक कोपरा खाल्ला, बराच वेळ चावला. मग म्हणाल्या, "गोड शे. पण हाई करंजी नही शे." आणि उरलेलं पदरात बांधून घेऊन गेल्या.

पीठ फुगायला काय घालतात ते मला वर्षभर कळलं नव्हतं. एक माणूस गाडगं घेऊन यायचा, मला वाटायचं ताक असेल. एक दिवस मी झाकण काढून वास घेतला तर शिंदी. शिंदीच्या झाडाची ताजी नीरा नव्हे, चांगली आंबलेली शिंदी. मी घाबरून गार्डसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, मुंबईत पाववाले काय घालतात मग, तीच ताडी. भाजल्यावर काही उरत नाही. मी म्हटलं, ह्यांना सांगू नका. ह्यांच्या घरी चातुर्मासात कांदा चालत नाही आणि ह्यांनी तोपर्यंत निदान पन्नास सांबुसकं खाल्ली होती, मोडकी आणि करपलेली धरून. मी ते ह्यांना आजही सांगितलेलं नाही. हे वाचतील तेव्हा वाचतील.

आता मुलीचं सांगते, कारण हे सगळं त्या मुलीसाठीच होतं.

गार्डसाहेबांना एकच मुलगी. तिचं लग्न पाचोऱ्याला झालेलं, मुलगा त्यांच्यातलाच, नोकरीही रेल्वेतली, पण स्टेशनवरची. हीच अडचण. गार्ड आणि स्टेशनवाले ह्यांचं आयुष्यभराचं वाकडं. गाडीला उशीर झाला की स्टेशनवाला म्हणणार गार्डमुळे, गार्ड म्हणणार स्टेशनवाल्यामुळे. गार्डसाहेब म्हणायचे, स्टेशनवाला म्हणजे जागेवरून न हलता दुसऱ्याला उशीर करणारा माणूस. तरी लग्न ठरलं, मुलीनंच हट्ट धरला. लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलाची मंडळी अकरा मिनिटं उशिरा आली. गार्डसाहेबांनी मांडवात वही काढली, लिहिलं, आणि जावयापुढे धरून म्हणाले, कारण सांगा आणि सही करा. जावई हसत म्हणाला, कारण तेच, गार्ड. सगळा मांडव हसला. गार्डसाहेब जेवणाआधी निघून गेले.

हे लग्न झालं आम्ही राहायला यायच्या थोडं आधी, दिवाळीच्या सुमाराला. मला सगळं अक्कांकडून कळलं. त्यानंतर मुलगी देवपूरला आली नाही, गार्डसाहेब पाचोऱ्याला गेले नाहीत. पहिल्या होळीला गार्डसाहेबांनी ताट पाठवलं नाही, तिनंही नाही. ती पहिली होळी फार जड गेली असणार, कारण नंतर वर्षभर मी बघत होते, दर पंधरा दिवसांनी पेटी विटांवर चढायची. पुढच्या होळीला ताट जाणारच, आणि ते असं जाईल की मुलीला तिच्या आईची आठवण झाली पाहिजे. मला एकदा पीठ मळताना म्हणाले, "माझी आई म्हणायची, सणाचं ताट एक वर्ष चुकलं तर राग म्हणतात. दोन वर्षं चुकलं तर नातं नाही म्हणतात." मग लगेच म्हणाले, "झेंडी लावा बाई, लाल."

अशी ती गोष्ट होती. गमतीची वाटायची, पण माणसाचा जीव त्यात टांगलेला होता.

मग माघात, होळीला अजून महिना होता, स्टेशनवरून एक खोकं आलं. पाचोऱ्याचं. गार्डसाहेबांनी ओट्यावर बसून खिळे काढले, वरचा कागद काढला. आत सांबुसकं. एकसारखी, बदामी रंगाची, मुरड अशी की शिंप्यानं घातलेली वाटावी. मी तर हरखून गेले. मला वाटलं आता म्हातारा रडेल. त्यांनी खोक्यावर तोंड नेलं, वास घेतला. बराच वेळ घेतला. मग भिंतीवरच्या पंचांगाकडे गेले, बोट ठेवून मोजलं, परत आले आणि म्हणाले, "महिना आहे अजून सणाला. हिला सण कधी तेही कळेनासं झालं. स्टेशनवाल्याच्या घरी गेल्यावर दुसरं काय होणार."

मी म्हटलं, असेल काही, पोरीनं पाठवलंय, ठेवून घ्या. हेही म्हणाले. गार्डसाहेब म्हणाले, "गाडी उशिरा सुटली तर चूक. वेळेआधी सुटली तर त्याहून मोठी चूक, कारण माणसं प्लॅटफॉर्मवर राहतात." त्यांनी खोक्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत 'बिफोर टाइम' लिहिलं, तेच खिळे परत ठोकले आणि आल्या पावली परत पाठवलं. मला एक सुद्धा खाऊ दिलं नाही. तेवढ्याबद्दल मी दोन दिवस मुद्दाम दार आपटलं.

पण त्या वासानं ते हलले होते, हे नक्की. पुढचा महिनाभर त्यांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. मारवाड्याच्या दुकानात जाऊन खजुराची अख्खी पाटी उलथून एकेक खजूर दाबून बघितला. मारवाडी म्हणाला, साहेब, खजूर घेताय का नाडी बघताय? कोळसा दोन दिवस उन्हात वाळवला. आणि होळीच्या आदल्या दिवशी, पहिल्यांदाच, सांबुसकं जमली. मी खोटं सांगत नाही. अप आणि डाउन दोन्ही ताटल्या सारख्याच बदामी निघाल्या. अक्का कुंपणापलीकडून बघत होत्या, त्यांनीही या वेळी तेलाचं नाव काढलं नाही. गार्डसाहेबांनी वहीत लिहिलं, राइट टाइम. दोन मोठे डबे भरले, सव्वाशे सांबुसकं.

ते म्हणाले, मी स्वतः नेणार. पण दोन डबे एकट्याला उचलवेनात, आणि ह्यांच्या शाळेला सुट्टी होती, म्हणून आम्ही दोघंही बरोबर निघालो. सकाळच्या गाडीनं चाळीसगाव, तिथं गाडी बदलून पाचोरा. रस्ताभर गावागावात होळीसाठी लाकडं रचलेली दिसत होती. गार्डसाहेब डबा मांडीवर घेऊन ताठ बसलेले, प्रत्येक स्टेशनला घड्याळ बघत होते आणि दर वेळी पुटपुटत होते, ठीक आहे. पाचोऱ्याला सव्वादहाला उतरलो. मला आठवतंय, उतरल्यावर त्यांनी ह्यांना विचारलं, माझा कोट ठीक आहे ना. आजवर त्यांनी कुणाला असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

जावयाचं क्वार्टर स्टेशनच्या मागंच. लांबूनच दिसलं की घराला नुकताच चुना मारलाय. अंगणात सगळी भांडी घासून उपडी घातलेली, गाद्या उन्हात, पाट धुवून भिंतीला टेकवलेले. मी मनात म्हटलं, बघा, सणाची तयारी, पोरगी वाटच बघतेय. मुलगी दारात केरसुणी घेऊन उभी होती. बापाला बघितलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग तिची नजर डब्यांवर गेली.

"तिथंच थांबा," ती म्हणाली. "बाबा, पायरी चढू नका."

गार्डसाहेब एक पाय पायरीवर ठेवून थांबले. मला वाटलं झालं, हिनं बापाला दारातून परत लावलं. त्यांनाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. म्हणाले, "ताट आणलंय. सणाचं."

"कुठल्या सणाचं?"

"होळीच्या. आपल्या होळीच्या सणाचं. आज पौर्णिमा."

मुलीनं केरसुणी खाली ठेवली. "बाबा, तो सण मागच्या पौर्णिमेला झाला. आज आपला बेखमीर भाकरीचा सण लागतो, संध्याकाळपासून. मी आठ दिवस घर झाडतेय, आंबवलेल्या पिठाचा कण राहू नये म्हणून. आणि तुम्ही दोन डबे खमीर घेऊन दारात आलात."

जावई आतून आला. हातात मुंबईहून आलेला छापील कागद, त्यांच्या सणांचा. बिचाऱ्यानं फार हळू समजावून सांगितलं, अजिबात हसला नाही, ह्याचं मला कौतुक वाटलं. त्यांच्या आणि आपल्या पंचांगात दोन्हीकडे अधिक महिना असतो, म्हणून सण बहुतेक जोडीनं चालतात आणि म्हणूनच त्यांची जुनी माणसं त्याला होळीचा सण म्हणत आली. पण कधीतरी एखादं वर्ष असं येतं की आपला अधिक आधी पडतो आणि त्यांचा पुढच्या वर्षी. आदल्या पावसाळ्यात आपला अधिक भाद्रपद आला होता. तेवढ्यानं होळी महिनाभर पुढे गेली आणि त्यांचा सण जागेवरच राहिला. बाई होत्या तोवर हा छापील कागद दर वर्षी मुंबईहून मागवून घ्यायच्या. बाई गेल्यावर कागद मुलीनं मागवला. मुलगी गेल्यावर गार्डसाहेबांनी भिंतीवर आपलं पंचांग लावलं आणि होळीवर भरवसा ठेवला.

गार्डसाहेबांनी कागद घेतला, हातभर लांब धरला. ओठ हलवत दोनदा वाचला. मग म्हणाले, "म्हणजे ते खोकं..."

"वेळेवर होतं," मुलगी म्हणाली.

मी तर दोन्ही हातांनी डबा धरून घामाघूम झाले होते, खाली ठेवायचीही हिंमत होईना, कुठं ठेवलं तर चालेल ते कळेना. मुलगी सांगत होती, रडत नव्हती पण आवाज ओला होता, की खोकं परत आलं तेव्हा तिला आधी वाटलं चुकून आलं. मग खडूची अक्षरं बघितली. अक्षर तर ओळखीचंच. तिला अर्थ लागेना. चार दिवस विचार केला आणि ठरवलं की बाबांना म्हणायचंय, अजून माफ करायची वेळ झालेली नाही.

"तसं नाही," गार्डसाहेब म्हणाले. "तसं नव्हतं, बाय. मी उशिरा होतो. मला माहीत नव्हतं मी उशिरा आहे."

जावयानं घड्याळाकडे बघितलं आणि खाकरला. म्हणाला, आपल्यातल्यांनी हे खायची वेळ तर टळूनच गेली. पण अकराच्या आत हे आपल्या मालकीतून गेलं पाहिजे, मग बोलत बसा. तेव्हा साडेदहा झाले होते. सव्वाशे सांबुसकं, अर्धा तास.

मग जे झालं ते असं. जामनेरची छोटी गाडी फलाटाला लागून उभी होती, मोठ्या गाडीची वाट बघत, होळीला घरी निघालेल्या माणसांनी भरलेली. जावई एका बाजूनं, गार्डसाहेब दुसऱ्या बाजूनं, मधे आम्ही दोघं डबे धरून. खिडकीखिडकीतून वाटत सुटलो. लोक विचारत, काय आहे? हे सांगत, करंजी. गार्डसाहेब दर वेळी दुरुस्त करत, "करंजी नाही, सांबुसक." एका म्हातारीनं विचारलं, कुनी केल्यात? गार्डसाहेबांनी छातीवर हात ठेवला. ती म्हणाली, बाईमानूस नाही का घरात? जावई पटकन म्हणाला, आहे, पण ह्यांचा हात तिच्यापेक्षा चांगला आहे. सासरे आणि जावई दीड वर्षात पहिल्यांदा एका फलाटावर एका गाडीचं काम करत होते आणि दोघांनीही एकमेकांना उशीर केला नाही. हमाल, पाणीवाला, इंजिनवरचे दोघं, सगळ्यांना पोचलं. मी एक खाल्लं. ह्यांनी चार खाल्ली.

शेवटचं एक डब्यात राहिलं तेव्हा मुलगी अंगणाच्या टोकापर्यंत आली होती. मला म्हणाली, ताई, ते मोडा ना जरा. मी तिच्यासमोर ते मोडलं. तिनं हात लावला नाही, खायचं नव्हतंच, पण वाकून वास घेतला, अगदी तिच्या बापासारखा, डोळे मिटून. गार्डसाहेब फलाटाच्या कडेला उभे होते, इकडे बघत नाही असं दाखवत.

"तुम्ही खाल्लंत ना?" तिनं मला विचारलं. "कसं लागलं?"

मी तिच्या आईच्या हातचं कधी खाल्लेलं नव्हतं, मी काय सांगणार. मी म्हटलं, वर्षभर मी गार्डसाहेबांची सगळी खाल्लीत, हे पहिलंच असं की आणखी एक घ्यावंसं वाटलं.

ती हसली. मग बापाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आईचंच आहे. फक्त तीळ जास्त झालेत."

गार्डसाहेब वळले. "तीळ तुझी आईच जास्त घालायची," ते म्हणाले. "कमी तू घालतेस."

आणि दोघं भांडायला लागली. तिळावरून. मी मोडलेले दोन तुकडे ह्यांच्या हातावर ठेवले आणि डबा रिकामा झाला. अकराला चार कमी होते.

भांडत भांडतच मुलगी त्यांना पायरीपर्यंत घेऊन आली आणि परत अडवलं. कोट झटका म्हणाली. त्यांनी झटकला. खिसे, म्हणाली. खिशांतून तीळ निघाले, पिठाचा भुगा निघाला, खजुराची एक बी निघाली. मालगाडीची सीलं तपासणारा माणूस दोन्ही हात वर करून उभा होता आणि मुलगी कोटाची शिवण न् शिवण झाडत होती. जावई ओट्यावर बादली भरून ठेवत होता. मग ती म्हणाली, हात धुवा, पाय धुवा, आणि आत या. सणाचे आठ दिवस आता कुठं जायचं नाही.

आम्हाला परतीची गाडी गाठायची होती. मी लांबूनच विचारलं, गार्डसाहेब, आम्ही निघू का, तुमच्या घराची किल्ली अक्कांकडे देऊ का?

ते पायरीवर बसून पाय धूत होते, कोटाचे दोन्ही खिसे उलटे बाहेर लोंबत होते. त्यांनी मान वर केली.

"निघा," ते म्हणाले. "मला आठ दिवस उशीर होईल."